एक हंडा, तीन खारटपणा : खान्देशातल्या एका बिबडे-गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

अमळनेर तालुक्यातल्या एका गावातला हा महिला बचत गट. गावाचं आणि बायकांची नावं इथे देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. अन्नप्रक्रियेचं प्रशिक्षण देण्यासाठी मी या गटाकडे जात असे. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्यासमोर घडलेलं आहे, उरलेलं बायकांनी सांगितलेलं.

गटाचं मुख्य काम बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडासारख्या वाळवणाचं. ज्यांनी बिबडे केलेले नाहीत त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगते. ज्वारीला पाण्याचा हात लावून ती कांडायची, कोंडा पाखडून काढायचा. मग रोज पाणी बदलत तीन दिवस भिजत ठेवायची. निथळून, कापडावर सुकवून गिरणीतून दळून आणायची. पहाटे हंड्यात पाणी, मीठ, लसूण-मिरचीचं वाटण, जिरं, तीळ यांना उकळी आली की त्यात पीठ वैरायचं आणि चाटूने घोटत घट्ट घाटा शिजवायचा. तो गरम असतानाच ओल्या धोतरावर किंवा जुन्या पातळावर हाताने पातळ फिरवायचा. उन्हात खडखडीत वाळलं की कापडाला मागून पाणी मारून बिबडे सोडवायचे. तळून खा, नाहीतर विस्तवावर भाजून, सोबत शेंगदाणे आणि कच्चं तेल.

एका हंड्याला ५ किलो कांडलेली ज्वारी, हे गटाचं ठरलेलं प्रमाण. मीठ घालायचं काम सत्तरीच्या आक्काचं. तिची एक स्टीलची वाटी होती, त्या वाटीने थोडी शीग (काठावर आलेला ढीग) ठेवून ती मीठ घाली. गावात कुणाच्या घरी बिबडे व्हायचे असले की मीठ टाकायला आक्काला बोलावणं जायचंच. अशी वर्षानुवर्षं गेली आणि प्रमाण लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

चैत्रात पुण्याच्या एका दुकानदाराची मागणी आली. माल जास्त, दिवस कमी. गटाने तीन अंगणांत तीन चुली मांडल्या. आक्का एकाच चुलीजवळ असणार होती. म्हणून गटातल्या एका शिकलेल्या सुनेने, तिला इथे धाकटी म्हणू, आक्काला विचारून प्रमाण कागदावर उतरवलं आणि तो कागद तिन्ही ठिकाणी लावला. मिठापुढे लिहिलं होतं : ‘१ वाटी (१ कप)’.

अडचण

माल पोचला आणि आठवड्याभरात दुकानदाराचा फोन आला. त्याची तक्रार नेमकी होती. माल खारट आहे असं त्याचं म्हणणं नव्हतं. काही पाकिटं उत्तम, काही जरा जास्त खारट आणि काही तोंडात धरवत नाहीत, असं तो म्हणाला. गिऱ्हाईक एकदा नेतो, आवडलं म्हणून दुसऱ्यांदा नेतो आणि दुसरं पाकीट वेगळंच निघतं. त्याने अर्धा माल परत पाठवला. पुढच्या खेपेसाठी दोन अटी घातल्या : चव एकसारखी हवी, आणि पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले हवेत. दुसरी अट त्याच्या मनची नव्हती. पाकिटबंद अन्नावर घटक त्या क्रमाने द्यावे लागतात, हा नियमच आहे.

गटात पहिलं बोट आक्काकडे गेलं. उघड कुणी बोललं नाही, पण ‘वय झालं, हात थरथरतो’ असं कुजबुजणं सुरू झालं. आक्काच्या कानावर ते गेलंच. बैठकीत तिने विचारलं, “मीठ तेच, वाटी तीच, मंग खारट कसं झायं?”

खरं तर या प्रकरणातला पहिला नीट प्रश्न हाच होता. मीठ तेच होतं का आणि वाटी तीच होती का, हे आम्ही शोधायला घेतलं.

शोधताना काय सापडलं

तिन्ही चुलींवर काय झालं ते एकेकीला विचारलं आणि तसंच्या तसं पुन्हा करायला लावलं. या वेळी खाली वजनकाटा ठेवला.

आक्काच्या चुलीवर तिचं नेहमीचं खडे मीठ आणि तिची वाटी. काट्यावर १६५ ग्रॅमच्या आसपास.

दुसऱ्या चुलीवर तशीच वाटी, तशीच शीग. पण घरातलं खडे मीठ संपलेलं असल्यामुळे पिशवीतलं बारीक मीठ वापरलं होतं. काट्यावर २१० ग्रॅम.

तिसऱ्या चुलीवर कागदातला ‘कप’ शब्दशः घेतला गेला. त्या घरातली मुलगी केक करते, तिच्याकडे मापाच्या कपांचा संच होता. त्यातला मोठा, २४० मिलिलिटरचा कप बारीक मिठाने काठोकाठ भरून हंड्यात गेला. काट्यावर २९० ग्रॅम.

म्हणजे किलोभर ज्वारीमागे एकीकडे ३३ ग्रॅम मीठ, दुसरीकडे ४२ आणि तिसरीकडे ५८. तिघीही कागदाप्रमाणेच वागल्या होत्या.

आक्काची वाटी पाण्याने काठोकाठ भरून मोजली तेव्हा ती १५० मिलिलिटरची निघाली. भांड्याचं माप काढायची ही सगळ्यांत सोपी रीत आहे : रिकामं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायचा, पाणी भरायचं, जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याने किंचित फरक पडतो, पण स्वयंपाकापुरता तो सोडून द्यावा इतका लहान असतो. ‘कप’ म्हणून जे विकलं जातं तेही सगळीकडे एक नाही. कुठे २४० मिलिलिटर, कुठे २५०, आणि भाताच्या कुकरबरोबर येणारा कप १८० चा. आपल्या घरातल्या वाट्यांचं तर विचारूच नका. त्या सामान मोजायला कुणी घडवलेल्याच नसतात.

पण भांड्याच्या मापापेक्षा मिठाचा फरक बायकांना जास्त खटकला. वाटी तीच, भरलीही तितकीच, आणि वजन वेगळं, हे डोळ्यांना पटत नाही. मी दोन वाट्या शेजारी ठेवून काठाला सपाट केल्या. बारीक मीठ १८५ ग्रॅम भरलं, खडे मीठ १५०. खड्यांच्या मधे हवा राहते. बारीक मिठाचे कण एकमेकांच्या फटीत बसतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मीठ मावतं. मग धाकटीने तेलाची पिशवी आणली. त्यावर १ लिटर छापलेलं होतं आणि शेजारी ९१० ग्रॅम. इतकी वर्षं ती पिशवी घरात येत होती. लिटर आणि किलो हे पाण्याखेरीज कशातही जुळायची खात्री नाही, हे त्या पिशवीने माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय, जसं चाललंय तसं चालू ठेवायचं आणि सगळ्या हंड्यांत मीठ आक्कानेच घालायचं. चवीच्या दृष्टीने यात खोट नव्हती. पण पहाटे चार वाजता सत्तरीच्या बाईला तीन अंगणांत पळवायचं, आणि ती आजारी पडली की काम थांबवायचं, हे कुणालाच बरं वाटेना.

दुसरा, मोबाइलवरचा तक्ता वापरायचा. धाकटीचा याच्यावर भर होता आणि तिचं कारण रास्त होतं : तक्ते फुकट मिळतात, वेळ वाचतो. पण ते तक्ते करणाऱ्याने कोणता कप घेतला, मीठ कोणतं, पीठ चाळून हलक्या हाताने भरलं की दाबून, हे त्या आकड्यात दिसत नाही. ज्वारीचं पीठ आम्ही आक्काच्या वाटीत भुरभुरत भरलं तर ७५ ग्रॅम बसलं. वाटी दोनदा ओट्यावर आपटून पुन्हा भरली तर ९५. गिरणीतून नुकतं आलेलं पीठ फुललेलं असतं, डब्यात दोन दिवस राहिलं की बसतं. त्यामुळे पिठासाठी कुठलाही एक आकडा धरून चालणं धोक्याचं. द्रव पदार्थ आणि साखरेसारखे दाणेदार जिन्नस यांच्या बाबतीत तक्ता बराच जवळ जातो, हेही सांगायला हवं.

तिसरा पर्याय, तीन सारख्या वाट्या विकत आणायच्या, मीठ एकाच प्रकारचं घ्यायचं आणि वाटी सुरीने सपाट करायची. हा पर्याय मला अजूनही अगदी टाकाऊ वाटत नाही. घरगुती कामाला तो पुरतो. जुन्या काळी धान्याचा व्यवहार भांड्यांवरच चालायचा : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. भांडं ठरलेलं, धान्य ठरलेलं आणि भरायची पद्धत ठरलेली, म्हणून ते जमत होतं. या गटाकडे तिन्हींतलं एकही ठरलेलं नव्हतं. शिवाय मिठाच्या पिशवीची जात बदलली की पुन्हा तीच अडचण उभी राहणार.

चौथा, सगळं वजनावर न्यायचं. यावर बायकांचा आक्षेप योग्य होता. अंधारात, चुलीच्या धुरात, ओल्या हातांनी काट्यावरचे आकडे कोण वाचणार? दोघींना आकडे नीट वाचताही येत नव्हते.

चर्चा बराच वेळ चालली. शेवटी एका मावशीने जो तोडगा सांगितला तो माझ्या डोक्यात आलेला नव्हता : मीठ आदल्या दिवशीच वजन करून पुडीत बांधून ठेवा, हंड्यामागे एक पुडी. चुलीपाशी फक्त पुडी फोडायची.

काय केलं

आधी प्रमाण ठरवायचं होतं, आणि इथे पहिला खरा निर्णय होता. कुणाचं प्रमाण बरोबर धरायचं? मी आक्काचा हात प्रमाण मानायचा आग्रह धरला. दुकानदाराने ज्या पाकिटांचं कौतुक केलं होतं ती तिच्याच चुलीवरची होती. तिला वेगवेगळ्या वेळी, नेहमीसारखी बोलत बसलेली असताना, वाटीने मीठ काढायला सांगितलं आणि प्रत्येक वेळी वजन लिहिलं. आकडे १६० ते १७० च्या मधेच फिरले. हे तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “मना हात चुकत नही.” बैठकीत ते सगळ्यांसमोर बोललं गेलं, हे आवश्यक होतं. आकड्यांमुळे म्हातारीचं महत्त्व संपेल अशी भीती तिच्या मनात होती आणि काही जणींच्या मनात तशी घाईही होती. प्रत्यक्षात कागदावर जो आकडा आला तो तिचाच होता.

तरीही १६५ हा आकडा तसाच उचलला नाही, कारण तो ओलसर खडे मिठाचा होता. बारीक मीठ घेऊन किलोमागे २८, ३२ आणि ३६ ग्रॅम असे तीन लहान घाटे केले, बिबडे वाळवले, तळले, आणि कोणता कुठला हे न सांगता आक्काला आणि आणखी तिघींना दिले. ३२ वर एकमत झालं. हंड्याला १६० ग्रॅम.

घाट्याची चव घेऊन मीठ ठरवता येत नाही. घाट्यात पाणी भरपूर असतं. वाळताना पाणी उडून जातं आणि मीठ सगळं मागे राहतं. घाटा तोंडाला बरोबर लागला तर बिबडा खारट होणार. तो थोडा अळणीच लागायला हवा. दुसऱ्या चुलीवरच्या बाईने चव घेतली होती, बरोबर लागली म्हणून पुढे गेली. तिला कुणी हे सांगितलेलं नव्हतं. आक्काला ते माहीत होतं, पण माहीत असलेलं सांगायचं असतं हे तिच्या कधी मनात आलं नाही.

मग ज्वारी. मिठाचा धडा मिळाल्यावर गटातल्या काहींना वाटलं की आता सगळंच वजनावर बिनचूक होईल. तसं नाही, आणि या ठिकाणी आम्ही थोडक्यात वाचलो. दळलेलं पीठ मोजून त्यावर मीठ ठरवावं असा बेत होता. पण भिजवलेली ज्वारी किती सुकवली यावर पिठाचं वजन हलतं. एके दिवशी ऊन कडक, दुसऱ्या दिवशी ढग. ओलसर पीठ काट्यावर जास्त भरणार, त्यातलं काही वजन नुसतं पाण्याचं, आणि मीठ त्या पाण्याच्याही हिशोबाने जास्त पडणार. म्हणून वजन करायची जागा मागे नेली : कांडून पाखडलेली, भिजत घालायच्या आधीची कोरडी ज्वारी. त्या ५ किलोची एक पिशवी, तिला एक नंबर, आणि ती भिजण्यापासून दळण्यापर्यंत वेगळीच राहणार. पुढे पीठ किती भरलं याची चिंता नाही.

बाकीच्या जिनसांचं आक्काच्या वाटीवरून वजन काढलं. सपाट वाटीत तीळ ९० ग्रॅम, जिरं ६५, लाल तिखट ७५ च्या आसपास. एकाच वाटीचे हे इतके वेगळे आकडे धाकटीने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले. तीळ आणि जिरं मात्र पुन्हा वाटीवरच ठेवले. त्यांत पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चव बिघडत नाही, आणि प्रत्येक गोष्टीला काटा लावला तर कामाचा कंटाळा येऊन लोक काटाच सोडून देतात. लसूण सोलून मग तोलायचा असं ठरलं, कारण सालांचं वजन दर वेळी वेगळं.

पाणीही मापानेच ठेवलं. हंड्यात ठरलेलं पाणी ओतून चाटूच्या दांड्यावर ते जिथवर भिजलं तिथे खाच पाडली. तिन्ही हंडे एका आकाराचे नव्हते, म्हणून तीन चाटूंवर तीन वेगळ्या खाचा. घाटा घट्ट वाटला तर उकळतं पाणी वाढवायची मोकळीक होती. वाढवलेलं पाणी उन्हात उडूनच जाणार, मिठाचं प्रमाण त्याने बदलत नाही.

पाकिटांच्या वजनासाठी काटा वेगळा घेतला. स्वयंपाकघरातला छोटा काटा विक्रीच्या मालाला चालत नाही. त्यासाठी वैधमापन विभागाकडून पडताळून शिक्का मारलेला काटा लागतो. हा खर्च गटाला जड गेला, पण तो टाळण्याजोगा नव्हता.

परिणाम

परत आलेल्या मालातला मधल्या खारटपणाचा भाग आठवडी बाजारात, आधी सांगून, कमी भावात गेला. सगळ्यांत खारट भाग विकायचा नाही असं गटाने ठरवलं. नुकसान तिन्ही चुलींवर सारखं वाटलं गेलं. यावर वाद झाला, पण कागद सगळ्यांनी मान्य केला होता, हे शेवटी पटलं.

वैशाखात दुसरी खेप गेली. दुकानदाराने वेगवेगळ्या पाकिटांतले बिबडे तळून पाहिले आणि मिठाबद्दल तक्रार आली नाही. त्याने पुढच्या उन्हाळ्याची मागणी आगाऊ सांगून ठेवली. पाकिटावर घटकांचा क्रम लिहिणंही आता सोपं झालं, कारण प्रत्येक जिनसाचं वजन कागदावर होतंच.

मिठाच्या पुड्या बांधायचं काम आक्काने स्वतःकडे घेतलं. धाकटी आकडा वाचते, आक्का पुडी बांधते. आकडे न वाचणाऱ्या दोघींचीही अडचण राहिली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मागणी मोठी झाली त्याच दिवशी एक हंडा तिघींनी वेगवेगळा करून पाहायला हवा होता. एका हंड्याच्या खर्चात तिन्ही चवी समोर आल्या असत्या. चूल एक होती तोवर लिहिलेल्या प्रमाणाची परीक्षा झालीच नव्हती, आणि तीन चुलींवर पहिली परीक्षा थेट गिऱ्हाइकाच्या तोंडात झाली.

कागदावर ‘वाटी’ लिहिलं तेव्हा ती किती मिलिलिटरची, सपाट की शीग लावून, आणि मीठ कोणतं, या तीन गोष्टी सोबत लिहिल्या असत्या तरी बहुतेक नुकसान टळलं असतं. काटा नसलेल्या गटांना मी आता हेच आधी करायला सांगते. धाकटीला दोष द्यावा असं मला वाटत नाही. गटात लिहून ठेवायचा विचार करणारी ती एकटीच होती.

पिशव्यांना नंबर द्यायची पद्धत आधीपासून असती, तर सगळा अर्धा माल परत घ्यावा लागला नसता. कोणतं पाकीट कुठल्या हंड्याचं हे न चाखता सांगताच येत नव्हतं, म्हणून चांगले बिबडेही त्यात गेले.

मिरचीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. हंड्याला मिरची किती ग्रॅम हे लिहिलेलं आहे आणि ते पाळलंही जातं. पण एका आठवडी बाजाराची मिरची जहाल निघते, पुढच्याची मवाळ, आणि वजन दोन्हींचं सारखंच. सध्या आक्का वाटण करण्याआधी एक मिरची चावून पाहते आणि त्या दिवसापुरतं वजन कमी-जास्त करायला सांगते. पुढच्या हंगामात वाळलेली मिरची एकदाच घेऊन, एकत्र कुटून, वर्षभरासाठी ठेवायची असा विचार चालू आहे. मात्र वाळल्या मिरचीने ओल्या मिरचीचा स्वाद येत नाही, म्हणून गटातल्या निम्म्याजणींचा त्याला विरोध आहे.